लेकरांच्या वॉर्डातला फौजी

कडूबा शिंगण्याचं नाव कडूबा का ठेवलं, हे त्याच्या डोणगावात कोणालाही विचारलं तरी सांगायचे. त्याच्या आधीची तीन भावंडं हगवणीनं गेली. तिघंही दोन वर्षांच्या आतली. चौथा जन्मला तेव्हा बाप उकंडराव म्हणाला, "याचं नाव कडू ठेवा. कडू असलं की कोणी तोंडात घालत नाई." पोरगा जगला, वाढला, आणि उंबऱ्यातून वाकून जावं लागेल इतका उंच झाला.

बासष्ट साली चीनची लढाई लागली तेव्हा बुलढाण्याला फौजेची भरती निघाली. कडूबा मेहकरहून एसटीत बसून गेला आणि घेतला गेला. उकंडरावांनी गावभर सांगितलं, पोऱ्या बंदूक घेऊन सीमेवर चालला. पण कडूबाचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट पाहून साहेबानं त्याला टाकलं फौजेच्या दवाखान्यात. दहा वर्षं त्यानं जखमी जवानांच्या पट्ट्या बदलल्या, त्यांची लघवी-संडासची भांडी दिली-घेतली, सलाईन लावल्या. बहात्तर साली परत आला तो बंदुकीला हातही न लावता. मलकापुरात कापसाच्या व्यापाऱ्यांनी मिळून वीस खाटांचा दवाखाना बांधला होता, तिथं त्याला नोकरी लागली आणि नेमका लेकरांचा वॉर्ड मिळाला.

उकंडरावांना हे काही केल्या गिळवत नव्हतं. "फौजी माणूस," ते म्हणायचे, "अन् लेकरायची घाण काढून राह्यला. पोलिसात जाय म्हनलं तर आयकत नाई." गावात कोणी विचारलं, पोरगा काय करतो, तर "दवाखान्यात आहे" एवढंच सांगून ते विषय बदलायचे. कडूबाची बायको झुंबरबाई मात्र नवऱ्याच्या बाजूची होती. ती सासऱ्यांना तोंडावर सांगायची, "मामाजी, तुमाले एक दिवस तिकडी नेऊन बसोतो मी. मंग बोला."

वॉर्डात पहिल्या दिवशी लेकरं कडूबाला पाहून किंचाळायची. एवढा मोठा माणूस, त्यात वर वळवलेल्या काळ्याभोर मिशा. तिसऱ्या दिवशी तीच लेकरं त्याच्याशिवाय दुसऱ्याच्या हातून औषध घ्यायची नाहीत. सगळी त्याला मामा म्हणायची.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मोताळ्याकडचं एक चार वर्षांचं पोरगं आलं होतं. आठ दिवस रक्ताची हगवण झालेली. हगवण थांबली म्हणून आईबाप खूश होते, पण पोरगं कागदासारखं पांढरं पडलं, तोंड सुजलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला झटके सुरू झाले. तेव्हाच्या डॉक्टरांनी पाणी कमी झालं असेल म्हणून सलाईन वाढवली. पोरगं गेलं. गावची माणसं म्हणाली, बाहेरचं होतं. कडूबाला एकच गोष्ट खटकत राहिली. दोन दिवसांत त्या पोराचं एकही फडकं ओलं झालं नव्हतं. त्यानं ते पाहिलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना आपण काय सांगायचं, असं त्याला वाटलं होतं.

त्या दिवसापासून त्यानं वॉर्डात आपला एक नेम सुरू केला. हगवणीचं लेकरू आलं की त्याची फडकी तराजूत तोलायची. कोरडं किती, ओलं किती. हगवणीचं वेगळं, लघवीचं वेगळं. इतर माणसं हसायची, पण त्यानं ते सोडलं नाही.

चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्या, अन्नपूर्णा सावजी. नागपूरहून लेकरांच्या आजारांचं शिकून आलेल्या, वय एकोणतीस. पहिल्याच फेरीत त्यांनी तराजू पाहिला आणि विचारलं, "हे कोणी सुरू केलं?"

कडूबाला वाटलं, आता बोलणी बसणार. "मी केलं बाई."

"सोडू नका," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

मे महिन्यात हगवणीची साथ आली. विहिरी तळाला गेल्या होत्या, गाळाचं पाणी लोक फडक्यातून गाळून पीत होते. आठ खाटांवर चौदा लेकरं. त्यातच रेल्वेचा मोठा संप सुरू झाला. मलकापूरचं स्टेशन, जिथं दिवसभर गाड्यांचा गलका असायचा, तिथं रुळांवर शेळ्या चरत होत्या.

अशा वेळी गुलाम रसूल पिंजारी आपल्या सलीमाला खांद्यावर टाकून आला. पोरगी पाच वर्षांची. मागून तिची आई सायरा. सलीमाला सहा दिवस रक्ताची हगवण झाली होती, आता दोन दिवस बंद होती. पण ती उठत नव्हती, बोलत नव्हती, नुसतं पाणी मागत होती.

कडूबानं तिच्या पापणीच्या आत पाहिलं. रक्ताचा मागमूस नव्हता. पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला, तर खळगा तसाच राहिला.

"लघवी कधी झाली हिले?"

सायरा आठवू लागली. "परवा सकाळी... नाई भाऊ, त्याच्या आधी."

कडूबा धावत बाईंकडे गेला. या वेळी तो गप्प बसणार नव्हता. "बाई, हे मागच्या साली गेलेल्या पोरासारखं आहे. हिले सलाईन लावू नका. अडीच दिस झाले, थेंब नाई."

बाईंनी सलीमाच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बराच वेळ पाहिलं. मग कडूबाला बोलावून म्हणाल्या, "पाहा यातून. तांबड्या पेशी गोल असायला हव्यात."

कडूबानं डोळा लावला. गोल पेशी होत्या, पण त्यांच्यात जागोजागी फुटलेल्या बांगड्यांसारखे तुकडे पडले होते.

"हगवणीच्या जंतूंच्या विषानं हे होतं," बाई म्हणाल्या. "पेशी फुटतात, मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, लघवी बंद पडते. मग अंगात पाणी आणि विष साठतं, रक्ताचा दाब चढतो आणि मेंदूला सूज येते. हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम म्हणतात. मी नागपूरला दोनच पाहिलेत."

"वाचली ती?"

"एक."

त्यांचं बोलणं संपतं न संपतं तोच वॉर्डातून सायराची किंकाळी आली. सलीमाचा डावा हात आधी एकटाच उडू लागला होता, मग सगळं अंग ताठ झालं आणि डोळे पांढरे झाले. कडूबानं तिला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला. बाईंनी इंजेक्शन दिलं. झटका थांबायला सात मिनिटं लागली. कडूबानं भिंतीवरच्या घड्याळात मोजली होती.

"दाब घ्या," बाई म्हणाल्या. दवाखान्यात दाब मोजायचा लेकरांचा पट्टा नव्हता. मोठ्या माणसाचा पट्टा त्या काडीसारख्या दंडाला दोनदा गुंडाळला जायचा, आणि आकडा खोटा, कमी यायचा. कडूबानं पट्टा सलीमाच्या मांडीला बांधला आणि गुडघ्यामागं नळी लावून ऐकलं. फौजेत दोन्ही हात तुटलेल्या जवानांचा दाब तो असाच घ्यायचा. "एकशे साठ," तो म्हणाला. पाच वर्षांच्या पोरीला एकशे साठ. बाईंनी ताबडतोब दाब उतरवायचं औषध दिलं.

मग त्या ओसरीत आल्या. गुलाम रसूल उभा होता.

"हिला नागपूरला न्यायला हवं. पोटाच्या पोकळीत पाणी भरून-काढून, म्हणजे पोट धुऊन, रक्तातलं विष काढावं लागेल. पण गाड्या बंद आहेत, आणि मोटारीनं नऊ-दहा तास. वाटेत पुन्हा झटका आला तर..."

गुलाम रसूल म्हणाला, "बाई, मी गादी भरणारा माणूस. मले काही समजत नाई. तुमीच सांगा."

कडूबा मागं उभा होता. तो घसा खाकरून म्हणाला, "बाई, पोट धुवायचं काम मी पाह्यलं आहे. पाह्यलं काय, केलं आहे."

बाई वळल्या.

पासष्टच्या लढाईत खंदक कोसळून गाडल्या गेलेल्या एका जवानाची लघवी अशीच बंद पडली होती. पुण्याच्या फौजी दवाखान्यात डॉक्टर सुभेदारसाहेबांनी त्याच्या पोटात नळी घालून चार दिवस पोट धुतलं. बाटल्या लावायला-उतरवायला कडूबा होता. "ते खास पाणी संपलं तवा," तो म्हणाला, "साहेबांनी रिंगर लॅक्टेट सलाईनच्या बाटलीत ग्लुकोज मिसळलं. पाचशेच्या बाटलीत पंचवीस टक्केवालं तीस मिली. जवान वाचला. मले पत्र टाकते अजून."

"मी फक्त नळी घालताना पाहिलंय," बाई म्हणाल्या. "नंतरचं काम तिकडे सिस्टर करायच्या."

"नळी तुमी घाला. नंतरचं माह्यावर सोडा."

त्याच सकाळी साडेनऊला सुरुवात झाली. कडूबानं लेकरांच्या नाकातून दूध घालायची रबरी नळी घेतली, तिला तापलेल्या सुईनं बारीक भोकं पाडली, आणि वीस मिनिटं उकळली. बाईंनी बेंबीखाली जागा सुन्न करून पोटातलं पाणी काढायच्या सुईच्या वाटेनं नळी आत सरकवली. कडूबानं बाटल्या कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवल्या होत्या. प्रत्येक बाटली तो आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचा. अडीचशे मिली आत, दहा मिनिटांत. अर्धा तास आत थांबवायचं. मग बाटली खाली जमिनीवर, आणि वीस मिनिटं बाहेर. एक तासाचा एक फेरा.

पहिल्या फेऱ्यात अडीचशे आत गेलं आणि दोनशे दहाच बाहेर आलं. बाईंचा चेहरा उतरला. "पहिल्या बारीला असंच होते," कडूबा म्हणाला. त्यानं सलीमाला हळूच डाव्या कुशीवर केलं, मग उजव्या. दुसऱ्या फेऱ्यात दोनशे नव्वद आलं. तिसऱ्यात दोनशे ऐंशी.

"आपलं गेलं त्याच्यावर तीस जास्त," कडूबा म्हणाला. "सूज उतरून राह्यली बाई."

दवाखान्यात रिंगरच्या बाटल्या पुरणार नव्हत्या, साथीच्या लेकरांनाही लागत होत्या. गुलाम रसूल कापसाच्या ट्रकवर बसून खामगावला गेला आणि दुपारी चारला दोन खोकी मांडीवर घेऊन परत आला. ट्रकच्या हादऱ्यात एकही बाटली फुटली नव्हती. मग तो रक्त द्यायला आडवा झाला, कारण पोरीला रक्तही हवं होतं आणि त्याचा गट जुळला होता.

सगळ्यात अवघड गोष्ट होती पाण्याची. पोरगी अर्धवट शुद्धीत "पानी, पानी" करायची, आणि कडूबा दोन चमच्यांवर एक थेंब देऊ देत नव्हता. मे महिना, पत्र्याखाली आग. सायरा एकदा पदराआडून पेला घेऊन आलीच. कडूबानं तिचा हात धरला नाही, नुसता पेल्यावर आपला पंजा ठेवला.

"बहेन, हे पाणी तिच्या डोक्यात जाऊन बसते. मंग झटका येते. माह्यावर इश्वास ठेव."

"तुमच्या पोटची असती तं?" सायरा म्हणाली.

"तं बी हेच केलं असतं." मग त्यानं तिच्या हातात ओला कापसाचा बोळा दिला. "ओठ ओले कर. जवा म्हनशीन तवा."

सायरानं पेला खाली ठेवला आणि बोळा घेतला. तिथून पुढं ती बोळा हातातून सोडेना.

दुसऱ्या दिवशी उकंडराव आले. संप असला तरी एसटी चालू होती, आणि झुंबरबाईनं आपला शब्द खरा करायला हीच वेळ साधली होती. तिनं सासऱ्यांना वॉर्डाच्या ओसरीवरच्या बाकावर आणून बसवलं आणि सांगितलं, "ते कामात आहेत. बसा."

उकंडराव सकाळी दहापासून बसले. दारातून त्यांना मुलगा दिसत होता. बाटली वर, बाटली खाली. मांडीवर पट्टा. फडकी तराजूत. बाराच्या सुमारास पोरीला पुन्हा झटका आला. या वेळी एका इंजेक्शनानं थांबेना. बाईंनी पॅराल्डिहाईड काढायला सांगितलं, आणि त्याचा उग्र वास ओसरीपर्यंत आला. वॉर्डातल्या बाया रडू लागल्या. कडूबाचा आवाज चढला नाही. "बाई, दाब एकशे पस्तीस. बाई, श्वास बरोबर आहे. बाई, चार मिनिटं झाली." आणि बाई त्या आवाजाच्या आधारानं पुढचं ठरवत होत्या. एकदा त्यांनीच विचारलं, "कडूबाभाऊ, पुढच्या बाटलीत ग्लुकोज वाढवू का?" आणि त्यानं मान डोलावल्यावर वाढवलं. नवव्या मिनिटाला पोरीचं अंग सैल पडलं.

उकंडराव संध्याकाळी पाचला उठले. मुलाशी त्यांचं एक वाक्यही बोलणं झालं नाही, कारण त्याला वेळ नव्हता. पण मोटार स्टँडवर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला त्यांनी विचारलं नसताना सांगितलं, "ते डॉक्टरीण आहे नं दवाखान्यात, शिकेल, नागपूरची. ते माह्या पोऱ्याले इचारून काम करते." झुंबरबाई सोबत होती, रात्री वॉर्डात डबा आणला तेव्हा तिनं हे जसंच्या तसं सांगितलं. कडूबा जेवता जेवता थांबला. "असं म्हनले?" त्यानं विचारलं. तिच्याकडून ते त्यानं तीनदा ऐकून घेतलं.

साठ फेरे झाल्यावर नळी काढली. रक्तातलं विष, युरिया, अर्ध्याच्या खाली आलं होतं, सूज ओसरली होती, झटके थांबले होते. चौथ्या दिवशी सलीमानं डोळे उघडले. सायरानं आनंदानं तिच्यासमोर वाटी धरली. सलीमानं हात पुढं केला तो वाटीच्या वीतभर बाजूला, हवेत.

"अम्मी, अंधेरा काऊन आहे?" ती म्हणाली. दुपारचे दोन वाजले होते.

बाईंनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या नीट आकसत होत्या. "डोळे चांगले आहेत," त्या सायराला म्हणाल्या. "मेंदूचा मागचा भाग, ज्यानं दिसतं, तो सुजला आहे. सूज गेली की दिसायला लागेल, बहुतेक." बहुतेक म्हणताना त्यांनी नजर खाली केली नाही, हे कडूबानं पाहिलं.

पुढचे दिवस लांबच लांब गेले. दाबाचं आणि झटक्यांचं औषध चालूच होतं. डावा हात लुळा पडला होता, तो कडूबा रोज सकाळ-दुपार चोळायचा, बोटं एकेक उघडायचा. नवव्या दिवशी कडूबा हातात काचेची बाटली घेऊन बाईंच्या खोलीत शिरला, तेव्हा बाई एका पाहुण्या डॉक्टरशी बोलत होत्या. कडूबाला पाहुण्याचं भान नव्हतं. बाटली उजेडाकडे धरून तो म्हणाला, "पन्नास मिली!"

पाहुण्याला कळेना की हा माणूस एवढा कशानं फुलला आहे. बाई खुर्चीतून उठल्या, बाटली हातात घेतली, आणि तिच्याकडे जणू गंगाजळ असावं तशा पाहत राहिल्या. "कुणाची?" त्यांनी विचारलं, ठाऊक असूनही.

"सलीमाची. दुसऱ्या कुनाची?"

त्या दिवशी वॉर्डातल्या प्रत्येक आईनं येऊन सायराचं अभिनंदन केलं. सायरा लाजून म्हणत होती, "मुताचं बी कोणी इतकं कौतुक करते का बाई!"

आणि चौदाव्या दिवशी कडूबा सलीमाच्या हाताची बोटं उघडत असताना ती म्हणाली, "मामा, तुमच्या मिशीले निळं काय लागलं?"

शेजारच्या खाटेवरच्या लेकराच्या तोंडातल्या फोडांना त्यानं निळं-जांभळं औषध लावलं होतं, ते मिशीला लागलं होतं. कडूबानं मिशीला हात लावला नाही. "कोन्या बाजूले?" त्यानं विचारलं.

"इकडल्या," सलीमानं बोट लावून दाखवलं. डाव्या हाताचं बोट. थरथरत, पण लावलं.

गुलाम रसूल वॉर्डाच्या मधोमध खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. कडूबानं मिशी दोन दिवस पुसली नाही.

सलीमाचा डावा हात पुढंही थोडा मंद राहिला. वर्षभर झटक्यांची गोळी चालली, मग बंद झाली. ती शाळेत गेली, उर्दू शाळेतून मराठी शाळेत आली, आणि पाटीवरचं सगळं वाचायची.

त्या उन्हाळ्यानंतर मलकापूरच्या आसपासच्या दवाखान्यांतून अशी लेकरं कडूबाकडे येऊ लागली. बाईंनी नागपूरहून लेकरांचा छोटा पट्टा आणि खऱ्या नळ्या मागवल्या. कडूबानं एका मोठ्या कागदावर मराठीत लिहून वॉर्डाच्या भिंतीला लावलं: हगवण थांबली, लेकरू पांढरं पडलं, लघवी नाही, तर पाणी थांबवा, दाब पाहा, डॉक्टरांना आत्ता बोलवा. आजूबाजूच्या गावांतल्या नर्सा तो कागद वहीत उतरवून घेऊन जायच्या. उकंडराव म्हातारे होत चालले होते, तरी वर्षातून दोनदा मलकापूरला येऊन त्या ओसरीवर बसायचे, आणि नव्या आलेल्या आईबापांना सांगायचे, "घाबरू नका. माहा पोऱ्या आहे आत."

एकोणऐंशी साली बुलढाण्याला जिल्ह्यातल्या नर्सांचं शिबिर भरलं. दीडशे नर्सा, पंधरा डॉक्टर. अन्नपूर्णाबाईंना भाषणाला बोलावलं होतं, सोबत कडूबाही होता. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या आजारातलं पोट धुणं मी नुसतं पाहिलं होतं. यांनी केलं होतं. तेव्हा बोलतील हे." आणि खाली बसल्या.

कडूबा बाईंच्या भाषणासाठी आणलेली पिशवी घेऊन पुढं आला. इतक्या माणसांपुढं तो कधी बोलला नव्हता. भाषणाला वीस मिनिटं दिली होती. त्यानं टेबलावर रबरी नळी ठेवली, बाटली ठेवली, तराजू ठेवला, आणि आपल्या बोलीत सुरुवात केली. पहिल्या रांगेतले दोन डॉक्टर त्याच्या भाषेला हसले. मग झटका चालू असताना काय पाहायचं, कोणता हात आधी उडतो, डोळे कोणीकडे वळतात, किती मिनिटं, शुद्धीवर आल्यावर दिसतं का, हात उचलतो का, हे त्यानं एकेक करून सांगितलं, आणि ते दोघं वहीत लिहून घेऊ लागले. तो पाऊण तास बोलला. वेळ संपल्याची घंटी कोणी वाजवली नाही.

शेवटी मागून एका तरुण सिस्टरनं विचारलं, "भाऊ, अशी सगळी लेकरं वाचतात का?"

"नाई," कडूबा म्हणाला. "आजवर आठ लेकरं झाली. तीन गेली." त्यानं तिघांची नावं सांगितली, गावं सांगितली, कितव्या दिवशी गेली ते सांगितलं. हातात कागद नव्हता. मग तो ताठ उभा राहिला, फौजेत उभा राहायचा तसा.

"पाच वाचली," तो म्हणाला. "पाची चालतात. पाचायले दिसते."